ढलप्यांची जागा

त्या शब्दाचा अर्थ विचारला गेला तेव्हा सगळ्यांनी मिनलकडे पाहिलं. चिंचवडच्या त्या जाहिरातींच्या ऑफिसात मराठी मजकुराचं काही निघालं की सगळे तिच्याचकडे पाहत. बिल्डरांच्या जाहिराती, दवाखान्यांच्या पाट्या, लोणच्याच्या बरण्यांवरची चार गोड वाक्यं, सगळं तीच लिहायची. समोर रविराज बसला होता. आकुर्डीला त्याच्या आजोबांची फाउंड्री होती; ती बंद पडून बरीच वर्षं झाली होती, आणि तिथली उरलेली एक शेड साफसूफ करून तो आता चित्रकार, आर्किटेक्ट, फिल्मवाले अशा लोकांना बसून काम करायला देणार होता. नाव ठरलेलं होतं : आतेलिए. आधी तो स्वतःच आटेलिअर म्हणायचा. मग ऑफिसची मालकीण प्राजक्ता, तिनं त्याला उच्चार सांगितला, आणि तेव्हापासून तो ते नाव जपून, तोंडात गरम घास फिरवावा तसं म्हणायचा. शेडमध्ये शिरताच समोर दिसेल अशा भिंतीवर या शब्दाचा अर्थ मोठ्या अक्षरांत लिहायचा, हे त्याच्या मनानं घेतलं होतं. मोबाइलवर बोट सरकवत त्यानं वाचून दाखवलं, की शब्द फ्रेंच आहे; चित्रकाराची, शिल्पकाराची, शिंप्याची काम करायची जागा; पण आधी तो सुताराच्या जागेला म्हणत, आणि त्याच्याही मुळाशी जो जुना शब्द आहे त्याचा अर्थ स्प्लिंटर्स. लाकूड तासताना उडतात ते. "याला मराठीत काय म्हणायचं?" त्यानं विचारलं.

"ढलप्या," मिनल म्हणाली.

शब्द बाहेर पडला आणि तिचा तिलाच तो परका वाटला. आई गेल्यापासून तिनं तो उच्चारला नव्हता. घरात तो शब्द आईचाच होता. ढलप्या आत घे, आभाळ आलंय. ढलप्या संपत आल्यात, ह्यांना सांगायला पाहिजे. दापोडीला रेल्वेलाइनच्या कडेच्या त्या दोन खोल्यांच्या घरात, मोरीच्या कोपऱ्यात, तांब्याच्या बंबाशेजारी पोत्यात भरलेल्या ढलप्या कायम असत. आप्पा, तिचे वडील, त्या ढलप्या कंपनीतून आणायचे, गेटपास काढून, सायकलच्या मागे बांधून. आईनं, सोजरबाईनं, बंबात त्या टाकल्या की आधी धूर यायचा, मग एक गोडसर वास सुटायचा, आणि मिनल आणि तिचा भाऊ त्या वासात अंघोळीची वाट बघत कुडकुडत उभे राहायचे. शाळेतल्या बाकीच्या पोरींच्या अंगाला साबणाचा वास यायचा. आपल्या केसांना सागवानाचा येतो, असं मिनलला वाटायचं, आणि त्याची तिला लाज वाटायची, आणि थोडा तोराही. काचेच्या खोलीत एसीच्या गार झोतात बसलेली मिनल हे सगळं आठवत होती असं म्हणता येणार नाही. आठवायला माणूस थोडा मोकळा लागतो. तिच्या नाकात तो वास नुसता आला आणि बसला. रविराज ढलप्या, ढलप्या असं दोनदा म्हणून बघत होता. प्राजक्ता म्हणाली, छान आहे, कच्चा आहे, मातीतला आहे. लाकडातला, असं मिनलच्या ओठावर आलं होतं. पण तिनं वहीत शब्द लिहून घेतल्यासारखं काहीतरी केलं.

तिचे वडील धोंडीबा ओव्हाळ आयुष्यभर एका मोठ्या कंपनीच्या पॅटर्न खात्यात होते. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी ती हुबेहूब लाकडात घडवावी लागते. ते लाकूड वाळूत दाबून काढलं की वाळूत त्याची पोकळी राहते, आणि त्या पोकळीत रस ओततात. धोंडीबा ते लाकूड घडवायचे. लहानपणी मिनलला याचं मोठं कोडं वाटे, की आप्पा इतकं गुळगुळीत, लाल-पिवळा रंग दिलेलं काहीतरी करतात ते शेवटी वाळूत दाबायला. गावाकडून ते कोवळ्या वयात आले होते, कंपनीत आधी झाडलोट केली, मग एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं हातात पटाशी दिली. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकडाचं माप थोडं वाढवून धरायचं, आणि त्यासाठी त्यांची पट्टीच वेगळी असायची; तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा जरासा मोठा. एकदा भूमितीच्या पेपराला मिनल चुकून तीच पट्टी घेऊन गेली होती. त्रिकोण सगळे सुबक आले आणि उत्तरं सगळी चुकली. आप्पा हे ऐकून इतके हसले होते की सोजरबाई चुलीपासून उठून बघायला आली. तुझे त्रिकोण बरोबर हायेत, ते म्हणाले होते, निवल्यावर मापात येतील.

आता ते हसत नव्हते असं नाही. पण गेल्या वर्षी एका सकाळी मोरीत तोंड धुताना ते खाली बसले ते उजवी बाजू गमावूनच उठले, आणि तिच्याबरोबर बोलणंही गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, समजतं त्यांना सगळं, पण शब्द सापडत नाहीत. मिनलनं ते वाक्य घरी आणून समाधानला, तिच्या नवऱ्याला, सांगितलं तेव्हा तो म्हणाला, म्हणजे कपाट आहे पण किल्ली न्हाई. हळूहळू दोन-तीन शब्द परतले. हाय. न्हाई. आणि कामाला. बाकी सगळं ते डाव्या हातानं, हनुवटीनं, डोळ्यांनी करत. भाऊ सुरतेला स्थिरावला होता. त्यामुळे मिनल आणि समाधान आप्पांच्याच दापोडीच्या घरात राहायला आले. समाधान महाळुंग्याच्या एका कारखान्यात होता, त्याची शिफ्ट बदलत राहायची. दिवसा शेजारच्या सुभद्राबाई आप्पांजवळ येऊन बसत. सुभद्राबाई मनानं चांगल्या, पण आप्पांशी लहान बाळाशी बोलावं तसं बोलायच्या. मम्मं खायचं ना, असं एकदा म्हणाल्या तेव्हा मिनलनं त्यांना बाहेर बोलावून सांगितलं होतं, की त्यांना सगळं समजतं, त्यांच्याशी मोठ्या माणसासारखं बोला. ते तिनं स्वतःशीही ठरवून टाकलं होतं. आप्पांशी खोटं बोलायचं नाही, गोड करून सांगायचं नाही. आई असती तर तिनं हेच केलं असतं, असं तिला वाटे. पण आईनं काय केलं असतं हे आता कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिनं आप्पांना शब्दाची गोष्ट सांगितली. ते पलंगावर भिंतीला टेकून बसले होते, वरच्या फोटोतले बाबासाहेब आणि शेजारच्या फोटोतली सोजरबाई दोघं खाली बघत होती. मिनल म्हणाली, की एका परक्या देशात मोठमोठ्या चित्रकारांच्या खोलीला जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ ढलप्यांची जागा. आप्पांनी डावी भुवई उचलली. मग डाव्या हातानं त्यांनी हवेत काहीतरी झटकलं, अंगावरून काही झटकावं तसं, आणि म्हणाले, "हाय." त्यात नवल ते काय, असा अर्थ मिनलनं घेतला. पुढचे काही दिवस ती मजकूर लिहीत राहिली, आणि लिहिताना तिला जाणवत गेलं की आपल्याकडे या जागेला शब्दच उरलेला नाही. कार्यशाळा म्हटलं की आता हॉटेलातला हॉल, गळ्यात बिल्ले आणि मधल्या सुट्टीतला चहा. स्टुडिओ म्हटलं की पासपोर्टचे फोटो. कारखाना हा शब्द तिला आवडायचा, फारसीतून आलेला, कार म्हणजे काम आणि खाना म्हणजे जागा, इतका साधा. पण तो उच्चारला की भोंगा आणि फाटकच डोळ्यापुढे येतं. आणि आप्पा तर यातला एकही शब्द वापरत नसत. ते खातं म्हणायचे. आमच्या खात्यात. खात्यात पंखा बसवलाय. खातं बंद करणार म्हणतात. शेवटी ते बंद झालंच. लाकडाच्या जागी मशीनवर कापलेले साचे आले, आप्पांना घरी बसवलं गेलं, मग कंपनीची ती बाजूच पाडली आणि तिथं उंच इमारती उभ्या राहिल्या, ज्यांच्या जाहिरातीचा मजकूर, योगायोगानं, मिनलनंच लिहिला होता. हिरवाईच्या कुशीत, असं काहीतरी. तेव्हा तिला काहीच वाटलं नव्हतं. आता भिंतीवरच्या मजकुराचं पहिलं वाक्य लिहिताना वाटू लागलं : जिथं माणसानं काही घडवलं, तिथं खाली ढलप्या पडल्या, त्या ढलप्यांवरून या जागेला नाव मिळालं.

रविराजनं मजकूर वाचून दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला. भाषा मस्त आहे, पण ढलप्या नको. आपण लोकांना कचऱ्यात बसवतोय असं वाटेल. कल्पनांचं घर, असं काही करता येईल का? मिनलनं ते लगेच करून दिलं. फार वेळ लागला नाही. राग यावा अशी ती वाट बघत राहिली, पण तो आला नाही. एका परीनं त्याचं बरोबरच होतं. तिथं बसणारी माणसं पडद्यावर काम करणार, आणि दिवसभर काम करून संध्याकाळी झाडायला खाली काही पडणार नाही. असं काम तर ती स्वतःच किती वर्षं करत होती. तिच्या हातून झालेल्या कामाचा केर कुणी भरला नव्हता, त्यावर कुणाचं पाणी तापलं नव्हतं. हा विचार तिनं मनातून काढून टाकला. पण घरात येताना चपलेबरोबर माती यावी तसा तो मागे मागे आला, आणि स्वयंपाक करता करता तिच्या मनात आलं, की आप्पांना ती शेड दाखवावी. का, हे तिला नीट सांगता आलं नसतं. त्यांच्या खात्याची नव्हे, पण तशीच शेड. तीही एकेकाळी पॅटर्नचीच होती. बघून बरं वाटेल त्यांना. समाधान म्हणाला, ने की, घरात बसून बसून त्यांचं भिंतीसारखं झालंय.

शनिवारी समाधानला सुट्टी होती. दोघांनी मिळून आप्पांना रिक्षात बसवलं. नाशिक फाट्यापर्यंत ते मेट्रोच्या खांबांकडे बघत होते, मग बाहेर बघायचं सोडून समोरच्या दांडीला डाव्या हातानं घट्ट धरून बसले. आकुर्डीच्या त्या गल्लीत रिक्षा वळली आणि छप्पर दिसलं. करवतीच्या दातांसारखं वरखाली गेलेलं, प्रत्येक दाताच्या उभ्या बाजूला काच, म्हणजे उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा आत यावा. आप्पांनी मान वर केली आणि तोंड किंचित उघडलं. आत जमीन चकचकीत झाली होती, कुंड्या आल्या होत्या, लांबलचक टेबलं आणि खुर्च्या प्लॅस्टिकच्या वेष्टनातून अजून सुटायच्या होत्या. तरी उजेड तोच होता. तो पांढरा, सावली न पडणारा उजेड आप्पांच्या चेहऱ्यावर पडला, आणि मिनलला लहानपणी कंपनीच्या पूजेला खात्यात गेलेली, त्यांचं बोट धरलेली ती स्वतः दिसली. दारातल्या टेबलामागची मुलगी मोठी आर्जवी होती. तिनं येणाऱ्याच्या गळ्यात घालायचं कार्ड आप्पांच्या गळ्यात स्वतः घातलं, फीत सरळ केली. आप्पांनी ते कार्ड उचलून डोळ्यांजवळ नेलं आणि पुन्हा छातीवर सोडलं.

एका बाजूला जुनं लाकडी मेज ठेवलं होतं, शोभेसाठी. त्याला लाकूड आवळून धरायचा शिकंजा तसाच होता, पण सगळ्यावर चकाकी चढवलेली. आप्पा काठी समाधानकडे देऊन त्या मेजाला टेकले. डाव्या हातानं त्यांनी मेजाची कड चाचपली, शिकंज्याची दांडी धरली आणि फिरवायला गेले. रंगानं ती बसली होती, फिरली नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला, आणि मग ती नादुरुस्त आहे हे कळल्यासारखं तिला दोनदा थोपटलं. तेवढ्यात रविराज आला. मिनलनं ओळख करून दिली, की हे माझे वडील, पॅटर्नमेकर होते. रविराज खरोखरच हलला असावा. तो वाकून पाया पडला आणि म्हणाला, "काका, तुमच्यासारख्या माणसांवरच ही शेड उभी राहिली. कधीही या. ही जागा तुमचीच आहे." आणि त्याला फोन आला म्हणून तो गेला. आप्पा त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मग मिनलकडे वळले. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. शब्द घशातून वर येताना दिसावा तसा दिसत होता, आणि तो आला.

"कधीपासनं?"

मिनलनं समाधानचा दंड धरला. इतक्या महिन्यांत नवा शब्द आला नव्हता, आणि हा तर पुरता शब्द होता, प्रश्नाच्या चढासकट. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जागा कधीपासून उघडणार ते विचारतायत, तिला वाटलं. "सोमवारपासून, आप्पा," ती म्हणाली. "सोमवारी सुरू होणार." आप्पांनी सावकाश मान हलवली, एखाद्या मापावर एकमत व्हावं तशी. निघताना दारातल्या मुलीनं कार्ड मागितलं तर त्यांनी ते मुठीत धरलं. राहू द्या त्यांच्याकडे, ती हसून म्हणाली.

रविवारचा दिवस त्या घरात फार दिवसांनी हलका गेला. आप्पांनी जेवण पोटभर केलं. नखं वाढलीत असं त्यांनी खुणेनं दाखवलं, तर मिनलनं ती कापून दिली. उजव्या हाताची बोटं एकेक उघडून धरताना त्या हातावरच्या जुन्या व्रणांवरून तिचं बोट फिरलं. दुपारी सुभद्राबाई सांगत आल्या, की म्हाताऱ्यानं पेटीतला शर्ट काढायला लावला आणि गादीखाली घातलाय, इस्त्री होते तशी. मिनल हसली. संध्याकाळी समाधानला ती बराच वेळ सांगत होती, की त्या उजेडानं काहीतरी झालं असणार, एक शब्द आला म्हणजे मागे आणखी असतील, आपण त्यांना दर आठवड्याला कुठंतरी न्यायला पाहिजे. समाधान ऐकत होता. त्याला पहाटेची बस होती. झोपायला जाताना तिनं आप्पांच्या खोलीत डोकावलं, तर ते डोळे उघडे ठेवून पडले होते, आणि त्यांचा चेहरा निवांत होता.

सोमवारी शेडच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमाला तिला लवकर पोचायचं होतं. ती पदर सारखा करत बाहेरच्या खोलीत आली, आणि दाराजवळच्या खुर्चीत आप्पा बसलेले दिसले. गादीखालचा शर्ट अंगात होता, बटणं नीट लागलेली. म्हणजे समाधाननं जाता जाता लावून दिली असणार. दाढी मात्र त्यांनी स्वतःच केली होती, डाव्या हातानं, आणि हनुवटीवर रक्ताचा ठिपका सुकला होता. पायात जुने बूट, बंद मोकळे. गळ्यात कार्ड. मांडीवर जेवणाचा डबा. कार्यक्रमाला यायचं असेल, मिनलला वाटलं, आणि तिचं मन भराभर हिशेब करू लागलं, की रिक्षा मिळेल का, तिथं त्यांच्याजवळ कोण बसेल. "आप्पा, कार्यक्रमाला यायचंय का तुम्हाला?"

"न्हाई," ते म्हणाले. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांनी बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे, मग रस्त्याकडे. "कामाला."

त्याबरोबर शनिवारपासूनचं सगळं तिच्या डोळ्यांपुढे उलटं फिरलं. गळ्यात घातलेलं कार्ड. नादुरुस्त शिकंजा. ही जागा तुमचीच आहे. कधीपासनं? आणि तिनं स्वतःच्या तोंडानं दिलेलं उत्तर. त्यांनी विचारलं होतं ते एका कामगारानं विचारावं तसं विचारलं होतं, आणि तिनं सांगितलं होतं ते एखाद्या साहेबानं सांगावं तसं सांगितलं होतं. सुटायला वाटा कितीतरी होत्या. आज सुट्टी आहे म्हणता आलं असतं. वीज नाही म्हणता आलं असतं. आज संप आहे, असं म्हटलं असतं तर त्यांनी एक शब्द न काढता बूट काढले असते, उलट थोडे ताठ बसले असते. आणि उद्या? उद्या पुन्हा दाढी, पुन्हा शर्ट. पण त्याहूनही, ती समोर उकिडवी बसली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलं ते एका जाणत्या माणसानं जाणत्या माणसाकडे पाहावं तसं, आणि त्या नजरेला संप सांगायची तिची जीभ वळेना.

"आप्पा," ती म्हणाली, "तिथं काम नाहीये."

"हाय."

"तुमच्यासाठी नाही. ती शेड आता वेगळ्या लोकांची आहे, कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांची. तो मुलगा बोलला ते आपलं बोलायची रीत म्हणून बोलला. आणि तुम्ही काय विचारलंत ते मला समजलंच नाही. माझी चूक झाली."

ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. बाहेरून गाडी गेली, खिडकीच्या काचा थरथरल्या आणि थांबल्या. "हाय," ते पुन्हा म्हणाले, पण आवाज खाली आला होता, आणि तो तिला सांगण्यापेक्षा विचारण्याच्या जवळचा होता. मग आप्पांनी डाव्या हातानं आपला उजवा हात मनगटाशी धरून उचलला, कुणा दुसऱ्याची वस्तू उचलावी तसा, आणि डब्याच्या झाकणावर ठेवला. कापलेल्या नखांच्या त्या हाताकडे ते खूप वेळ बघत होते. बोटं हलली नाहीत.

"न्हाई," ते म्हणाले. तिला की हाताला, ते समजलं नाही.

कार्डाची फीत त्यांनी स्वतः काढायला घेतली. ती कानात अडकली. मिनलचा हात पुढे झाला आणि तिनं तो मागे घेतला. ती तशीच बसून राहिली, आणि त्यांनी मान वाकडी करून, थांबून, पुन्हा ओढून ती काढली आणि खुर्चीच्या हातावर ठेवली. मग डबा उचलून त्यांनी तिच्यापुढे धरला. तिला समजेना. त्यांनी तो आणखी पुढे केला, तिच्या साडीकडे, खांद्यावरच्या पिशवीकडे, दाराकडे हनुवटीनं दाखवलं. "कामाला," ते म्हणाले. तू जा, उशीर होतोय. डबा पिशवीत टाकून सुभद्राबाई येईपर्यंत ती थांबली, त्यांचे बूट काढून दिले, हनुवटीवरचा ठिपका ओल्या कापडानं पुसला. त्यांनी सगळं करू दिलं. ती निघाली तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते, शर्ट अंगातच होता.

आकुर्डीला कार्यक्रम चांगला झाला. माणसं खूप आली. भिंतीवरच्या अक्षरांपुढे उभं राहून लोक फोटो काढत होते. आतेलिए, कल्पनांचं घर. कुणीतरी मिनलला म्हणालं, फार सुंदर लिहिलंय, आणि ती थँक्यू म्हणाली. भाषणं सुरू झाली तशी ती मागच्या दारानं बाहेर आली. शेडच्या मागं एक जुनी दगडी पायरी तशीच राहून गेली होती, तिच्यापुढे पडीक जागा, वाढलेलं गवत, आणि पलीकडे दुसऱ्या कारखान्याची भिंत. ती पायरीवर बसली. पिशवीतला डबा कुशीला टोचत होता म्हणून तिनं तो बाहेर काढला आणि उघडला. तिला वाटलं होतं तो रिकामा असेल. आत कालची भाकरी होती, डब्यात मावावी म्हणून मोडलेली, आणि वरच्या पुडात एक कांदा. कांदा सोललेला नव्हता. एका हातानं तो सोलता येत नाही, चिरता तर नाहीच. तसाच त्यांनी ठेवला होता, वाळलेल्या टरफलासकट, आणि त्याच्या बुडाशी चिमूटभर मीठ सांडलं होतं. घरात कुणी उठायच्या आत कधीतरी ते भाकरीच्या टोपलीपर्यंत गेले असणार, मिठाच्या बरणीपर्यंत, भिंत धरत धरत.

तिनं कांदा पायरीवर ठेवला आणि मूठ मारून फोडला. मग ती जेवू लागली. भाकरी कोरडी झाली होती, तिची कड दाताखाली करकरत होती. आतून टाळ्यांचा आवाज आला. थोड्या वेळानं प्राजक्ता तिला शोधत मागच्या दारात आली. रविराज मजकूर लिहिणारीला पुढे बोलावतोय, चल लवकर, असं सांगायला आलेली ती मिनलला पायरीवर बसून खाताना बघून थबकली.

"घरचा डबा?" तिनं विचारलं.

"आप्पांनी दिला," मिनल म्हणाली.

"या वयात? तुला डबा भरून देतात?" प्राजक्ता मनापासून म्हणाली. "नशीबवान आहेस गं."

मिनलनं हो अशी मान हलवली आणि उरलेला तुकडा तोंडात घातला. तो बराच वेळ चावावा लागला.